पस्तीस मार्कांचा धूर

मार्कांचा एक स्वभाव आहे. ते कुठेही थांबतील, पण तेहेतीस-चौतिसावर सहसा थांबत नाहीत. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे आणि दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशी माझी गाठ पडते. पस्तीस ही जिथे उत्तीर्णतेची रेघ असते, तिथला निकाल कधी एका कागदावर मांडून पाहा. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस अशी तुरळक मुले दिसतात. मग ओसाड माळरान लागते. आणि पस्तिसाच्या वेशीवर एकदम जत्रा भरलेली असते. यात गैर काही नाही. काठावर अडकलेल्या मुलाची उत्तरपत्रिका पुन्हा उघडावी, एखादा मार्क कुठे द्यायचा राहून गेला आहे का ते पाहावे, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे, आणि नियमांतही तिला जागा ठेवलेली आहे. पण तक्त्यात अशी जत्रा दिसली की शहाण्या माणसाने ओळखावे: हे सगळे आकडे मुलांनी एकट्याने मिळवलेले नाहीत, त्यांना कुणाचा तरी हात लागला आहे.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाबरोबर ही परीक्षेची कडू गोळी कशाला? पण मला बोलायचे आहे ते परीक्षेविषयी नाही, धुराविषयी. आणि धुराच्या या भानगडीत मी पडलो तो माझ्या भाचीमुळे.

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई आणि मेहुणे मिरजेला असतात. मुलगी पर्यावरणशास्त्रात एम. एस्‌सी. झाली आणि नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली. आमच्या शहराच्या कडेला औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांना धुराचे, सांडपाण्याचे, कचऱ्याचे सरकारी कागद तयार करून देणाऱ्या एका सल्लागार कंपनीत ती रुजू झाली. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली, "मुलगी करते काय?" सौ.ने जरा विचार करून सांगितले, "धूर मोजते." काकू गप्प झाल्या. डॉक्टर, इंजिनियर, बँक आणि झालेच तर कॉम्प्युटर एवढेच खण असलेल्या त्यांच्या मांडणीत हा डबा कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना.

खरे सांगायचे तर मलाही ते कळायला वर्ष लागले.

धूर मोजण्याचा खटाटोप काही नवा नाही. मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला तो १९१२ साली. त्या काळी मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे माणसाचा डोळा. रिंगेलमन नावाच्या एका फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक तक्ता तयार केला होता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीपेक्षा दुसरी दाट. तो तक्ता समोर धरायचा, चिमणीच्या तोंडाशी निघणारा धूर त्यांतल्या कोणत्या चौकटीइतका काळा दिसतो ते पाहायचे आणि त्या चौकटीचा आकडा लिहायचा. शेवटी प्राध्यापकच तो. धुरालाही त्याने मार्क दिले!

पुढे १९८१ चा हवा कायदा आला. कारखाना चालवायचा तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागू लागले. चिमणी किती उंच हवी, तिच्यातून किती धूळ बाहेर पडली तर चालेल, हे त्या पत्रात लिहिलेले असते. ठरावीक काळाने मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून चिमणी तपासून घ्यावी लागते. वर्षभराचे पर्यावरण विवरणपत्र भरण्याची पद्धत नव्वदच्या दशकात पडली. २०१४ साली केंद्रीय मंडळाने फार प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीतच यंत्र बसवून त्याचे आकडे थेट मंडळाकडे पाठवायला सांगितले. आणि या जुन्या धुराच्या जोडीला आता एक न दिसणारा धूर आला आहे, तो कार्बन डायऑक्साइडचा. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल काढावा लागतो, त्यात हा हिशेबही येतो. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड, अॅल्युमिनियम, सिमेंट अशा मालाबरोबर, तो तयार करताना किती कार्बन हवेत गेला याची नोंद मागायला सुरुवात केली. आपल्या सरकारनेही २०२५ च्या ऑक्टोबरात अॅल्युमिनियम, सिमेंट, कागद अशा काही उद्योगांना त्यासाठी लक्ष्ये ठरवून दिली. इतके सगळे कागद एकट्या कारखानदाराला झेपत नाहीत, म्हणून माझ्या भाचीसारख्या माणसांची गरज लागते.

या न दिसणाऱ्या धुराचा पहिला धडा आम्हांला जेवणाच्या टेबलावर मिळाला. ती सहज म्हणाली, "मामी, तुमचा एक सिलिंडर संपला की बेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो."

सौ.च्या हातातली पळी थांबली. "सिलिंडरमध्ये गॅस चौदा किलो. त्यातून बेचाळीस किलो निघेल कसा? आमचा वाणी कधी एवढे माप वाढवून देत नाही!"

मग भाचीने समजावून सांगितले. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन उचलतो. बारा भार कार्बनला बत्तीस भार ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि चव्वेचाळीस भार कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून हा धूर बहुतेक ठिकाणी चिमणीत मोजत बसत नाहीत, त्याचा हिशेब मांडतात. किती लिटर डिझेल जाळले, किती टन कोळसा जाळला, किती युनिट वीज घेतली, हे पाहायचे आणि ज्याच्या त्याच्या गुणकाने गुणायचे. लिटरभर डिझेलला सुमारे २.७ किलो. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो, कारण वीज आपल्या घरात धूर करीत नसली तरी कुठल्या तरी औष्णिक केंद्रात करीत असते. थंड हवेच्या जुन्या यंत्रातला आर-२२ हा गॅस गळला तर त्याच्या एका किलोचे सुमारे अठराशे किलो धरायचे, कारण वातावरण तापवण्यात तो तितका जालीम आहे.

गुणाकार शाळेतले पोरही करील. अडचण असते ती गुणायचे कशाला, हे शोधण्याची. कोळशाच्या ट्रकची पावती मुकादमाच्या खिशात असते. डिझेलच्या बिलात मालकाच्या मोटारीचे डिझेल मिसळलेले असते. एसीवाल्याने किती गॅस भरला याची नोंद कुठेच नसते, कारण त्याने पैसे घेतले आणि तो गेला. भाची अशा ठिकाणी जाऊन बसायची. स्टोअरकीपर, मुकादम, हिशेबनीस यांना एकत्र बसवून वह्या आखून द्यायची. एका कारखान्यात विजेचा हिशेब मांडताना रविवारीही वीज खर्च होते असे दिसले. शोध घेतला, तर सुटीच्या दिवशी हवा दाबणारे यंत्र कुणी बंदच करीत नसे. मालकाने दुसऱ्या दिवशी तिला पेढे दिले. सरकारसाठी भरलेला कागद आपल्याही उपयोगी पडतो, हे त्याला आयुष्यात प्रथमच कळले असावे.

या कामात माझाही थोडा हातभार लागला. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसांसाठी नोंदवही कशी ठेवावी याच्या सूचना मराठीत हव्या होत्या. ऑफिसातून आलेला मसुदा तिने माझ्यापुढे ठेवला. पहिलेच वाक्य असे होते: "इंधन ज्वलन प्रक्रियेदरम्यान उत्सर्जित होणाऱ्या दृश्यमान धूम्राच्या तीव्रतेची निरीक्षणान्वये नोंद घेण्यात यावी." मी मराठीचा प्राध्यापक, पण मलाही ते दोनदा वाचावे लागले. मी त्याच्या जागी लिहिले, "धूर कसा दिसला ते लिहा." असे करता करता चार पानांचे एक पान झाले. शेवटी 'शेरा' असा एक रुंद रकाना ठेवला आणि खाली लिहिले, "वेगळे काही घडले असेल तर ते तुमच्या शब्दांत लिहा."

ते पान समजावून द्यायला ती निघाली तेव्हा शनिवार होता. मीही बरोबर गेलो. कापड रंगवण्याचा कारखाना होता. मालक साठीचे. दोन यंत्रांवर सुरुवात करून साठ माणसांच्या चुली पेटवणारे गृहस्थ. त्यांनी आम्हांला चहा आणि खारी दिली, माझ्याशी शाळेतल्या कवितांविषयी बोलले. त्याच दिवशी चिमणीची तपासणी होती. मी खाली उभा राहून पाहत होतो. एक विशीतला मुलगा कमरेला पट्टा बांधून लोखंडी शिडीने चढला. चिमणीच्या मध्यावर एक मचाण आणि एक झाकण लावलेले भोक असते. त्या भोकातून तो नळी आत घालतो. नळीच्या वाटेत काचेच्या तंतूंची एक टोपी बसवलेली असते, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी. पंपाने धूर ओढला की धूळ टोपीत अडकते. टोपीचे आधीचे वजन आणि नंतरचे वजन यांतला फरक म्हणजे धूळ.

ऐकायला सोपे वाटते. पण धूर चिमणीत ज्या वेगाने वर जातो, नेमक्या त्याच वेगाने तो नळीत ओढावा लागतो. जास्त जोराने ओढला तर जड कण नळीला चुकवून पुढे निघून जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा लहान येतो. बॉयलर अर्ध्या भाराने चालवला तरी आकडा लहान येतो. म्हणजे कागदावर काहीच न खोडता खोटे लिहिता येते. मला ते ऐकून आमच्या परीक्षा केंद्रांची आठवण झाली.

आठवड्याने निकाल आला. संमतीपत्रात मर्यादा होती १५० मिलिग्रॅमची, म्हणजे चिमणीतल्या एका घनमीटर हवेत तेवढी धूळ. मोजून आली होती २१२.

तुम्हांला वाटेल, दीडशे काय आणि दोनशे बारा काय, मिलिग्रॅम तर आहेत; चिमटीभर मीठही त्याहून जड भरेल. मलाही तसेच वाटले होते. भाचीने कागद पुढे ओढला. अशा चिमणीतून तासाला दहा हजार घनमीटर धूर निघतो असे धरा. म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त धूळ तासाला ६२० ग्रॅम. बॉयलर दिवसाला वीस तास चालला तर बारा किलोंवर. रोज बारा किलो राखेची एक पिशवी कुणी तरी हळूच वसाहतीवर, तिच्या पलीकडच्या चाळींवर आणि महापालिकेच्या शाळेवर झटकतो आहे, आणि ती कुठल्याच कागदावर नाही. चिमटीभर मिठाचा हा हिशेब त्यानंतर मी कधी विसरलो नाही.

मालक ऑफिसात आले. ते ओरडले नाहीत, त्यांनी धमकी दिली नाही. ते म्हणाले, "ताई, खोटे लिहा असे मी म्हणत नाही. पुन्हा एकदा मोजा. मी बॉयलर जरा हळू चालवतो."

"पुन्हा मोजते," ती म्हणाली, "पण बॉयलर रोजच्यासारखा चालवा."

पुन्हा मोजले. २०६ आले.

तेव्हा मालक जे बोलले ते मला भाचीने सांगितले, आणि ते मला खोटे वाटत नाही. "धूळ पकडणारी नवी यंत्रणा बसवायला जो पैसा लागतो तो यंदा माझ्याजवळ नाही. माझ्या शेजाऱ्याची चिमणी माझ्याहून काळी आहे, ती सगळ्या वसाहतीला दिसते. त्याच्या कागदावर १४४ आहे. मी २०६ लिहून नोटीस घ्यायची, आणि त्याने माझे गिऱ्हाईक घ्यायचे? हा कुठला न्याय?"

तिच्या कंपनीतल्या वरिष्ठांनी न्यायाचा प्रश्न एका वाक्यात सोडवला. "आपले बिल कोण देतो?" त्यांनी तिला अहवालात १४६ लिहायला सांगितले. तिने सही केली नाही. आपले म्हणणे तिने कंपनीला लेखी कळवले. त्या पत्राला उत्तर आले नाही. फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने १४६ चा अहवाल निघाला. महिनाभराने तिने नोकरी सोडली.

त्या रात्री मिरजेहून ताईचा फोन आला. आमची ताई शांत आहे, पण तिची शांतता मला लहानपणापासून ठाऊक आहे. "तिच्या कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षे आहेत," ती म्हणाली. "तुझ्या मेहुण्यांच्या पेन्शनीत घर चालते, हप्ता बसत नाही. उद्या कुणी स्थळ घेऊन आले आणि विचारले, मुलीने नोकरी का सोडली, तर काय सांगू? एकशे शेहेचाळीस लिहायला नको म्हणाली म्हणून?"

"ताई, तेच सांग," मी म्हणालो.

"तुला बोलायला काय जाते? तुझी नोकरी कायमची आहे."

यावर मला उत्तर नव्हते, कारण तिचे खरे होते. भाचीचा मला अभिमान वाटत होता. पण अभिमान बँकेत भरता येत नाही. मी पुढचे तीन हप्ते भरायची तयारी दाखवली. ते भाचीला आवडले नाही, ताईलाही आवडले नाही, आणि शेवटी दोघींनी ते मान्य केले. घरातल्या बहुतेक चांगल्या गोष्टी अशाच ठरतात.

नोकरी सुटल्यावरच्या त्या रिकाम्या दिवसांत भाचीने मला एक लेख वाचायला दिला. विषय गुजरातचा होता. तिथे १९९६ पासून, उच्च न्यायालयाच्या आदेशाने, प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांची त्रयस्थ लेखापरीक्षकांकडून तपासणी होत असे. त्रयस्थ म्हणायचे, पण त्यांना नेमायचा कारखाना आणि पैसेही द्यायचा कारखाना. पुढे ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरतकडच्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. आधी त्यांनी नेहमीच्या पद्धतीचे अहवाल तपासले. धुळीची मर्यादा तिथेही १५० होती. लेखापरीक्षकांच्या मते मर्यादा ओलांडणारे कारखाने शेकडा फक्त ७ होते. पुन्हा स्वतंत्रपणे मोजले तेव्हा ते शेकडा ५९ निघाले. लेखात एक आलेख होता. लेखापरीक्षकांनी दिलेले आकडे १५० च्या किंचित खाली एकत्र गोळा झाले होते, आणि १५० ओलांडली की जवळजवळ सामसूम.

मी तो आलेख पाहिला आणि मला हसू आले. ती माझ्या ओळखीची जत्रा होती. ते पस्तीस मार्कच होते!

मात्र फरक आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काठावरचा मुलगा पास झाला तर नुकसान झालेच तर त्याचे होते, आणि कित्येकदा भलेच होते. धुराला काठावर पास केले तर त्याची किंमत परीक्षेला न बसलेली माणसे देतात. चाळीतली म्हातारी, शाळेतली पोरे, बॉयलरवरचा माणूस. त्यांना कुणी विचारलेले नसते.

प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटला. निम्म्या कारखान्यांसाठी त्यांनी रीत बदलली. कोणता लेखापरीक्षक कुठल्या कारखान्यात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. त्याचे पैसे ठरावीक, आणि ते कारखान्याकडून नव्हे तर एका सामाईक निधीतून. शिवाय त्यांनी मोजलेल्या काही चिमण्या दुसऱ्यांकडून पुन्हा मोजून घेतल्या. माणसे तीच, शिक्षण तेच, शिडी तीच. पण मर्यादा ओलांडलेली असताना 'ठीक आहे' असे खोटे लिहिण्याचे प्रमाण शेकडा ८० नी घटले. आणि खरे आकडे बाहेर येऊ लागल्यावर कारखान्यांनीही धूर कमी केला.

वाचकहो, मी दर उन्हाळ्यात याच रीतीने जगतो, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. ती कुठल्या गावची आहे हे मला ठाऊक नसते. मला मानधन मिळते ते मुलाच्या बापाकडून मिळत नाही. माझ्या तपासणीतल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो, आणि त्या कोणत्या हे मला आधी कळत नाही. म्हणून मी प्रामाणिक परीक्षक आहे. माझ्या अंगी काही फार मोठे धैर्य आहे म्हणून नव्हे. मला धैर्य दाखवण्याची वेळच कुणी येऊ दिलेली नाही, म्हणून. परीक्षेची इमारत एकट्या माझ्या सचोटीवर उभी केलेली नाही, हे माझ्यावर केवढे उपकार आहेत!

भाचीवर मात्र आपण सगळे ओझे टाकले होते. एका चोवीस वर्षांच्या मुलीने, कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना, आपला पगार देणाऱ्याच्या पगार देणाऱ्याला नाही म्हणायचे, आणि तेही दर महिन्याला, दर चिमणीपाशी. तिने एकदा म्हटले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते जमले नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याला दोन मुले आहेत. खरे लिहिण्यासाठी शूर माणसेच लागणार असतील तर आपल्याला फार थोडे खरे वाचायला मिळेल. आणि ते वृद्ध मालक म्हणत होते तेही याच हिशेबात बसते. सगळ्यांच्याच चिमण्या खऱ्या मोजल्या गेल्या तर खरे सांगणारा एकटा पडत नाही. त्यांना २०६ ची भीती नव्हती, शेजाऱ्याच्या १४४ ची होती.

सुदैवाने वारे थोडे बदलते आहे. गुजरातच्या मंडळाने २०१५ साली लेखापरीक्षक चिठ्ठीने नेमायची रीत उचलली. सुरतेत २०१९ पासून चिमण्यांतल्या धुळीवर चोवीस तास नजर ठेवून, एकूण धुळीला मर्यादा घालून, कारखान्यांना धुळीचे परवाने आपसांत विकत घेऊ देण्याचा प्रयोग झाला, आणि भाग घेतलेल्या कारखान्यांची धूळ शेकडा २० ते ३० नी कमी झाली. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम काढले. त्यांतही नोंदणी झालेला लेखापरीक्षक कारखान्याने निवडायचा नाही, तो यादृच्छिक पद्धतीने नेमायचा, अशी तरतूद आहे. कागदावरची तरतूद शिडी चढून चिमणीपर्यंत कधी पोचते ते पाहायचे. तोवर आपण, ज्यांच्या गच्चीवर ही राख पडते त्यांनी, मंडळाला एवढे तरी विचारत राहावे: हा आकडा मोजला कुणी, आणि त्याचे पैसे दिले कुणी?

भाची आता स्वतंत्रपणे काम करते. ती चिमण्या तपासत नाही. लहान कारखान्यांचे कार्बनचे हिशेब मांडून देते. युरोपला बोल्ट पाठवणारे एक वर्कशॉप तिच्याकडे आहे. त्यांची स्वतःची भट्टी लहानशी, पण ज्या पोलादाचा बोल्ट होतो ते तयार करताना गेलेला कार्बनही बोल्टाच्या नावावर मांडावा लागतो. म्हणून ती पोलाद गिरणीला पत्रे लिहिते, उत्तराची वाट पाहते, पुन्हा लिहिते. पूर्वीपेक्षा पैसे कमी मिळतात, पण हप्ता आता ती स्वतः भरते. ताईनेही शेजारणींना सांगायला सुरुवात केली आहे की मुलगी 'युरोपचे काम' करते. आमच्या शेजारच्या काकूंना हा डबा ठेवायला खण सापडला आहे.

माझे ते एक पान अजून चालू आहे. वसाहतीतल्या चार-पाच बॉयलरांपाशी ते भिंतीला चिकटवलेले आहे, आणि वह्याही भरल्या जातात. गेल्या पावसाळ्यात भाचीने अशाच एका वहीच्या पानाचा फोटो मला दाखवला. तारीख, वेळ, कोळसा किती घातला, वाफेचा दाब किती, सगळे रकाने नीट भरलेले. कुणा वरिष्ठाने सांगून लिहवलेले नव्हे, हे अक्षरावरून दिसत होते. शेऱ्याच्या रुंद रकान्यात बॉयलरवरच्या माणसाने लिहिले होते:

"कोळसा भिजलेला होता. धूर काळा आला. मी आधीच सांगितले होते."

एवढे स्वच्छ मराठी त्या वर्षी माझ्या हाती आलेल्या एकाही उत्तरपत्रिकेत नव्हते. मी असतो तर त्याला पुरे मार्क दिले असते, आणि ते त्याने एकट्याने मिळवलेले असते.